गुलमर्गहून परतताना: आधी खाली उतरा, मग घराचं बघा

पत्र:

"आम्ही नाशिकचे. डिसेंबर २०२४ मध्ये मी, हे, दोन्ही मुलं आणि सासूबाई असे गुलमर्गला गेलो होतो. मुलांना स्कीइंग शिकायचं होतं. परतीचं विमान २८ तारखेचं, श्रीनगर ते दिल्ली. पुढे दिल्ली ते ओझर वेगळ्या कंपनीचं, वेगळं तिकीट. २७ ला दुपारी आम्ही श्रीनगरला उतरलो आणि बर्फ पडायला लागला. 'उद्या विमान काही उडत नाही' म्हणत ह्यांनी मोबाइलवरून तिकिटं रद्द केली आणि संध्याकाळी जम्मूसाठी गाडी ठरवली. काझीगुंडच्या अलीकडे रांगेत अडकलो. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, गाडीत हीटर चालू ठेवावा तर डिझेल संपायची भीती. मध्यरात्रीनंतर जवळच्या गावातल्या एका कुटुंबाने आम्हाला घरात घेतलं, म्हणून निभावलं. जम्मूला पोचायला २९ ची रात्र झाली, आणि तिथे कळलं की श्रीनगरहून विमानं त्याच दिवशी पुन्हा सुरू झाली होती. पैसे गेलेच, पण अजूनही तो विषय निघाला की घरात वाद होतो. ह्यांचं म्हणणं, मग काय हातावर हात ठेवून बसायचं होतं? आता मुलांना पुन्हा डिसेंबरमध्ये जायचंय. या वेळी मुलगी बारावीला आहे, आणि परत आल्यावर चारच दिवसांनी तिची पूर्वपरीक्षा. जावं का? पुन्हा विमानं बंद पडली तर घरी यायचं कसं? आणि चूक कुणाची, तेही एकदा सांगून टाका."
एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिटल्याशिवाय पुढचं काही नीट ठरणार नाही.

विमान रद्द होणार हा तुमच्या यजमानांचा अंदाज अचूक होता. २८ डिसेंबर २०२४ ला श्रीनगरची विमानसेवा खरोखरच बंद पडली. त्यांना आकाश बघून कळलं ते बरोबरच कळलं. त्यावरून त्यांनी जे दोन निर्णय घेतले, ते मात्र चुकले. कंपनीने विमान रद्द करण्याआधी आपणच तिकीट रद्द करणं हा एक. आणि बर्फ पडत असताना, अंधार होत असताना, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जम्मूच्या रस्त्याला लागणं हा दुसरा. पहिल्यात पैसे गेले. दुसऱ्यात जिवावर बेतलं असतं, आणि हे तुम्ही दोघांनीही एकदा स्पष्ट शब्दांत मान्य करावं असं मला वाटतं. त्या रात्री त्या रस्त्यावर शेकडो गाड्या अडकल्या होत्या. तिकडे सोनमर्गच्या वाटेवर गुंडला पंजाबचे पर्यटक अडकले, त्यांच्यासाठी गावकऱ्यांनी जामा मशिदीचं दार उघडलं. तुम्हालाही तशीच माणसं भेटली. पण कुणीतरी दार उघडेल हे धरून प्रवासाला निघता येत नाही.

हातावर हात ठेवून बसायचं होतं का, हा त्यांचा सवाल मी हसण्यावारी नेणार नाही. जबाबदार माणसाला अशा वेळी बसवत नाही, काहीतरी करावंसं वाटतं. आणि करण्यासारखं त्या दिवशी पुष्कळ होतं. फक्त ते सगळं श्रीनगरमध्ये, उबदार खोलीत बसून करायचं होतं.

श्रीनगरला विमानं का थांबतात आणि थांबली की काय होतं, हे कळलं की निम्मी घालमेल कमी होते. तो विमानतळ मुळात हवाई दलाचा. धावपट्टीवरचा बर्फ यंत्रांनी काढला जातो, पण बर्फ पडतच असेल तर इकडे साफ करावं आणि तिकडे पुन्हा साचावं असं चालतं. त्यात दृश्यमानता कमी झाली की विमान उतरू शकत नाही. तुम्हाला घेऊन जाणारं विमान बहुतेक वेळा दिल्लीहून येतं. ते उतरलंच नाही, तर तुमचं उड्डाण होणार कसं? म्हणून श्रीनगरच्या खिडकीतून आकाश बघत बसण्यापेक्षा दिल्लीहून येणारं पहिलं विमान निघालं का, हे मोबाइलवर बघा. ते हवेत गेलं आणि श्रीनगरला उतरलं, की दिवस सुरू झाला असं समजा.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. विमानतळ उघडला म्हणून सगळे त्या दिवशी निघत नाहीत. आदल्या दिवशीच्या रद्द विमानांमधली माणसं उरलीसुरली आसनं भरत जातात, आणि त्या दिवसाची विमानं आधीच भरलेली असतात. एक पूर्ण दिवस बंद पडला, तर सगळी माणसं बाहेर पडायला आणखी दोन दिवस सहज लागू शकतात. २९ ला विमानं सुरू झाली हे खरं, पण तुम्हाला त्याच दिवशी जागा मिळाली असती असं छातीठोक सांगता येत नाही. म्हणजे यजमानांच्या माथी सगळा दोष मारू नका.

आता या वेळचं बोलू.

तुमच्या सगळ्या बेतात मी एकच गोष्ट बदलायला सांगेन: गुलमर्गहून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी उतरू नका, दोन दिवस आधी उतरा. गुलमर्ग साधारण २,६५० मीटर उंचीवर आहे, श्रीनगर सोळाशेच्या आसपास. अंतर पन्नासेक किलोमीटरचंच, पण टंगमर्ग ते गुलमर्ग हा शेवटचा तेरा किलोमीटरचा घाट सगळा खेळ करतो. जोरदार बर्फ पडला की तिथे फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. तुम्ही टंगमर्गला बघितलं असेल: पोरं रस्त्यावरच गुडघे टेकून बसतात, साखळी चाकापुढे पसरतात, ड्रायव्हरला गाडी हातभर पुढे घ्यायला लावतात आणि मग उघड्या, लाल झालेल्या बोटांनी हूक ओढून अडकवतात. एकेका गाडीला वेळ लागतो आणि मागे रांग वाढत जाते. विमानाच्या दिवशी सकाळी त्या रांगेत तुम्ही असता कामा नये.

मुलं कुरकुर करतील. शेवटचा दिवस गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, वर अफरवतच्या डोंगरावर जाऊन घालवायचा असतो सगळ्यांना. पण जोराचं वारं किंवा हिमस्खलनाचा इशारा असला की गोंडोलाचा वरचा टप्पा बंदच ठेवतात, म्हणजे ज्या दिवशी अडकायची भीती जास्त त्या दिवशी वर राहून स्कीइंगही होत नाही. हवामान खात्याच्या श्रीनगर केंद्राचा अंदाज काही दिवस आधी येतो. त्यात पश्चिमी विक्षोभाचा, म्हणजे पश्चिमेकडून येऊन बर्फ-पाऊस आणणाऱ्या हवेचा, इशारा दिसला, की उरलेलं स्कीइंग तिथेच सोडून खाली यायचं. भाड्याने घेतलेले स्की आणि बूट आदल्या संध्याकाळीच परत करून ठेवीचे पैसे घ्या; दुकानदार सकाळी उशिरा उघडतात.

श्रीनगरला राहायचं ते राजबाग किंवा दल गेटच्या बाजूला, ज्या हॉटेलात सेंट्रल हीटिंग आणि जनरेटर आहे हे फोनवर विचारून. हाउसबोट सासूबाईंसाठी नको. दिवसा छान वाटते, पण चिल्लई कलानच्या, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या थंडीत रात्री पाण्यावरचा गारठा वयस्कर माणसाला सोसत नाही, आणि बर्फात वीज गेली की पंचाईत होते. खोली घेतानाच हॉटेलवाल्याशी बोलून ठेवा की विमान रद्द झालं तर आणखी दोन रात्री याच भावात राहू देणार का. तिथली माणसं शब्दाला जागतात. फक्त विचारायचं ते आधी. विमानं बंद पडल्यावर शेकडो जण रिसेप्शनवर उभे असताना नको.

तिकिटाचं नीट ऐका, कारण पैशांचा सगळा घोळ इथेच होतो. विमान रद्द होणार याची तुम्हाला कितीही खात्री असली, तरी कंपनीने स्वतः रद्द केल्याचा मेसेज येईपर्यंत तिकिटाला हात लावायचा नाही. तुम्ही रद्द केलंत तर तो तुमचा निर्णय, शुल्क कापून उरलेलं मिळणार. कंपनीने रद्द केलं तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमांप्रमाणे पूर्ण परतावा किंवा दुसरं विमान, यातलं काय हवं ते निवडायचा हक्क तुमचा. मेसेज आला की लगेच परताव्याचं बटण दाबू नका, हेही सांगून ठेवते. आधी पुढच्या दोन-तीन दिवसांत फुकट बदलून जागा मिळते का ते बघा. परतावा घेतलात, की नवं तिकीट त्या दिवसाच्या चढ्या भावाने काढावं लागतं.

बर्फामुळे विमान रद्द झालं तर वर नुकसानभरपाई मिळत नाही. हवामान हे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण मानलं जातं. हॉटेलचा खर्चही मग बहुधा आपल्याच खिशातून. काउंटरवरच्या मुलाशी त्यासाठी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं. पण कारण कंपनीचंच असेल तर गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या ड्यूटीच्या नव्या नियमांची तयारी न झाल्याने देशभर हजारो उड्डाणं रद्द झाली. आभाळ निरभ्र होतं आणि लोक विमानतळांवर जमिनीवर झोपले होते. अशा वेळी ऐनवेळी रद्द केलेल्या उड्डाणासाठी भरपाई मागता येते. श्रीनगर ते दिल्ली हे एक ते दोन तासांत मोडणारं उड्डाण. त्याला ७,५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातली जी रक्कम कमी असेल ती. कंपनी दाद देत नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. त्याच आठवड्यात सरकारने इकॉनॉमीच्या भाड्यांवर तात्पुरती मर्यादाही घातली होती: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० आणि १,५०० च्या पुढे १८,००० रुपये. म्हणून देशभर गोंधळ असेल तेव्हा पहिल्या तासात पंचवीस हजारांचं तिकीट घाबरून काढू नका, जरा थांबून बातम्या बघा.

तिकीट एजंटकडून काढलं असेल तर पीएनआरमध्ये मोबाइल नंबर कुणाचा आहे ते तपासा. बऱ्याचदा एजंटचाच असतो. मग रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या फोनवर जातो, तो झोपलेला असतो आणि तुम्ही पहाटे टॅक्सी करून विमानतळाच्या बाहेरच्या गेटवर सगळ्या बॅगा उतरवून तपासणीच्या रांगेत लागलेल्या असता. कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन स्वतःचा नंबर घाला. आणि हा नंबर पोस्टपेड हवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. एकट्या यजमानांचा फोन पोस्टपेड असून भागणार नाही, तुमचाही करून घ्या.

दिल्ली ते ओझर वेगळं तिकीट हा गेल्या वेळचा आणखी एक कच्चा दुवा. श्रीनगरचं विमान रद्द झालं म्हणून दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी देणंघेणं नसतं. तिच्या लेखी तुम्ही विमानतळावर आलाच नाहीत. एका पीएनआरवर मुंबईपर्यंतचं तिकीट मिळालं तर तेच घ्या आणि कसाऱ्यावरून गाडीने नाशिक गाठा. पुढे पोचवायची जबाबदारी मग एकाच कंपनीची राहते. ओझरचंच विमान हवं असेल तर ते दुसऱ्या दिवशीचं घ्या. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं हे वेगळं प्रकरण असतं, श्रीनगर सुरळीत असलं तरी दिल्ली पाय ओढू शकते.

आता रेल्वे. २०२४ मध्ये तुमच्यापुढे हा रस्ताच नव्हता. ६ जून २०२५ ला चिनाबवरचा पूल खुला झाला, आणि कटरा-श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंचीवरून गाडी जाते. सासूबाईंना खिडकीशी बसवा. तीन तासांच्या आसपास कटरा. डब्यांमध्ये हीटिंग आहे, समोरच्या काचेवर बर्फ साचू नये म्हणून तीही तापवलेली असते. रूळ बर्फाने भरले तर ही गाडीही काही तास थांबते, नाही असं नाही. पण विमानतळ आणि हायवे दोन्ही बंद असताना काश्मीरबाहेर पडायची सगळ्यात भरवशाची वाट आज हीच आहे, आणि वयस्कर माणसासाठी तर निःसंशय.

अडचण एकच. विमानं रद्द झाल्याची बातमी आली की तिची आसनं बघता बघता संपतात. म्हणून मी सांगते ते थोडं उधळपट्टीचं वाटेल, पण करा: विमानाच्या दुसऱ्या दिवसाचं वंदे भारतचं तिकीट आधीच काढून ठेवा. विमान वेळेवर सुटलं तर ते रद्द करा, थोडे पैसे कापले जातील. काझीगुंडच्या त्या रात्रीपुढे ते काहीच नाहीत. गाड्यांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, ती तारखेशी ताडून बघा.

कटऱ्यापासून पुढे नाशिककरांचं नशीब चांगलं आहे. कटऱ्याहून जम्मूला या; जम्मू तवी स्टेशनहून झेलम एक्सप्रेस रोज पुण्याला जाते आणि वाटेत मनमाडला थांबते. जवळपास दीड दिवसाचा प्रवास आहे, अंग आंबून जातं, पण मनमाडला उतरलात की घरी आल्यासारखंच. ते नको असेल तर कटऱ्याहून दिल्लीची वंदे भारत घ्या आणि दिल्लीहून मुंबईची ती राजधानी एक्सप्रेस, जी नाशिक रोडला थांबते. किंवा जम्मूहून विमान. श्रीनगर बर्फाने बंद असलं तरी जम्मू खाली, मैदानाच्या तोंडाशी आहे. तिथे बर्फाचा त्रास नाही, धुक्याचा असू शकतो.

रस्त्याने जाऊच नये असं मी म्हणत नाही. काझीगुंड-बनिहालचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा झाल्यापासून जुन्या जवाहर बोगद्यापर्यंत चढावं लागत नाही. पण बोगद्याच्या तोंडापर्यंतचा काश्मीरकडचा रस्ता बर्फाने गुळगुळीत होतो, तिथेच तुम्ही अडकलात. आणि बोगदा ओलांडला म्हणून सुटलो असंही नाही, कारण पुढे बनिहाल ते रामबन पट्ट्यात ओल्या डोंगरावरून दगड येतात. एप्रिल २०२५ मध्ये रामबनला अतिवृष्टीने दरडी कोसळून हायवे कित्येक दिवस तुटला होता, आणि तेव्हा तर बर्फाचा प्रश्नही नव्हता. तेव्हा रस्त्याने निघायचं तर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: बर्फ थांबलेला, वाहतूक पोलिसांनी त्या दिवशी छोट्या गाड्या जम्मूकडे सोडत असल्याचं जाहीर केलेलं, आणि सकाळची वेळ. टॅक्सीवाला 'खुला है साहब' म्हणाला, एवढ्यावर निघायचं नाही. त्याचं भाडं बुडत असतं. वाहतूक पोलिसांचं इंटरनेटवरचं पान रोज अद्ययावत होतं, ते स्वतः वाचा. दुपारनंतर तर काहीही झालं तरी नाही.

सरकार विमान पाठवेल या आशेवरही राहू नका. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने अडकलेल्या महाराष्ट्रातल्या पर्यटकांसाठी विशेष विमानांची सोय केली होती. तो प्रसंगच तसा होता.

सासूबाईंच्या गोळ्या मुक्कामाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त घ्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा, बॅग विमानात गेली आणि माणसं खाली राहिली असं होतं. डॉक्टरांची चिठ्ठीही सोबत असू द्या. थोडी रोख रक्कम जवळ ठेवा. नेटवर्क गेलं की क्यूआर कोडचा उपयोग नाही. प्रवासविमा काढलात तर त्यात स्कीइंग धरलंय का ते वाचा, साध्या पॉलिसीत ते बहुधा वगळलेलं असतं.

राहिला जावं का हा प्रश्न. जा, पण या तारखांना नको. पूर्वपरीक्षा परतीनंतर चार दिवसांनी, म्हणजे अडकायला तुमच्याकडे जेमतेम दोन दिवस. ज्या बर्फासाठी गुलमर्गला जायचं, तोच बर्फ विमान थांबवतो. चांगला सीझन आणि अडकण्याची भीती बरोबरच येतात. त्यात मुलगी बारावीची. तिच्या डोक्यावर परीक्षा असली की पुन्हा यजमानांना घाई सुटणार, आणि त्यांना घाई सुटली की तुमचा जीव टांगणीला. गेल्या वेळी तरी त्या रस्त्याला ढकलणारं नेमकं काय होतं? कुणाला तरी कुठेतरी वेळेवर पोचायचं होतंच ना? लेखी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये संपतील. गुलमर्गला वरच्या उतारांवर मार्चमध्येही बर्फ असतो, खाली थंडी ओसरलेली असते, आणि नवशिक्यांना उलट तेव्हा बरं पडतं. शेवटचा पेपर झाला की निघा.

डिसेंबरमध्येच जायचं असं घरात बहुमताने ठरलंच, तर मुलीच्या कॉलेजात प्राचार्यांना आधी भेटून, उशीर झाल्यास पूर्वपरीक्षेचे राहिलेले पेपर नंतर घेतील का ते विचारून या. ती परीक्षा कॉलेजची आहे, मार्ग निघू शकतो. बोर्डाची प्रात्यक्षिकं जवळ असतील तर मात्र माझं उत्तर सरळ नाही. अपरिहार्य कारणाने प्रात्यक्षिक हुकलेल्यांसाठी बोर्डाची आउट ऑफ टर्न परीक्षा असते, पण ती आजारपण, अपघात असल्या प्रसंगांसाठी. सहलीच्या बेतात तिची जागा धरू नये.

आणि यजमानांशी एक बोलणं निघायच्या आधी, नाशिकमध्येच करा. विमान रद्द झालं तर निर्णय कुणी घ्यायचा, आणि कुठल्या गोष्टीला दोघांपैकी एकाने जरी नाही म्हटलं तरी ती करायची नाही, हे ठरवा. माझ्या मते रात्रीचा रस्ता आणि घरातल्यांची फाटाफूट, म्हणजे दोघं पुढे आणि तिघं मागे, या दोन गोष्टींना असा नकाराधिकार असावा. त्यांच्या उमेदीला कामही द्या: दिल्लीच्या पहिल्या विमानावर लक्ष ठेवणं, कंपनीच्या ॲपवर दुसरी जागा शोधणं, पोलिसांचं पान बघणं हे त्यांच्याकडे. हॉटेल, औषधं आणि सासूबाई तुमच्याकडे. विमानतळाच्या काउंटरवरच्या रांगेत मुलाला उभं करा, तो आता मोठा आहे. तोपर्यंत यजमान फोनवर प्रयत्न करतील. दोन्हीपैकी जिथे आधी जागा मिळेल ती घ्या.

तारीख नक्की झाली की विमानाआधी रेल्वेचं बघा. आरक्षण साठ दिवस आधी सकाळी आठला खुलतं, आणि मार्चच्या सुट्ट्यांची गर्दी लक्षात घेता त्या दिवशी आठ वाजून पाच मिनिटांनी बसणंसुद्धा उशिराचं ठरू शकतं.